जर्मनला आंबट चालत नाही

गंधकाला वास नसतो.

हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षात बसले आणि "एमआयडीसी" म्हटलं, की रिक्षावाला रुमाल नाकाला लावत हटकून म्हणायचा, "आज गंधकाचा वास लय मारतोय, मॅडम." मी मागच्या सीटवरून लगेच, "गंधकाला वास नसतो. सडक्या अंड्याचा जो वास येतो तो गंधक आणि हायड्रोजन मिळून झालेल्या गॅसचा. फटाका उडवल्यावर घशात बसतो तो गंधक जळून होणाऱ्या गॅसचा. नुसतं गंधक हुंगून बघा, काही म्हणजे काही येत नाही." एकदा एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गिअर टाकला आणि विचारलं, "मंग नावात गंध कशाला ठेवलाय?"

त्याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. त्या दिवशी मी रागाने गेटच्या अलीकडेच उतरले आणि उरलेलं चालत गेले.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही; शेठ हयात आहेत आणि दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतात. माझं काम सांगायला सोपं आहे. प्लांटमध्ये माल तयार होतो, त्याचा थोडासा नमुना बाटलीत भरून माझ्याकडे येतो, आणि तो पास की नापास हे मी सांगते. मी सही केल्याशिवाय ड्रम गेटबाहेर जात नाहीत. त्यामुळे प्लांटवाल्यांचं आणि माझं नातं साधारण विद्यार्थी आणि परीक्षक यांच्यासारखं होतं. समोर "गुड मॉर्निंग मॅडम" आणि मागे काय ते त्यांनाच ठाऊक.

पण लोकांना वाटतं, लॅबवाली बाई म्हणजे हिला जगातल्या सगळ्या वस्तूंची कुंडली माहीत. पालघरला आमच्या सोसायटीत माझ्या दाराची बेल दुधापेक्षा प्रश्नांसाठी जास्त वाजायची. पैंजण काळे पडले, म्हणजे सोनाराने फसवलं का? (नाही हो काकू, चांदी खरी आहे म्हणूनच काळी पडली. हवेतलं गंधक तिला चिकटतं.) थर्मामीटर फुटला, पारा फरशीवर गोळ्या गोळ्या करून पळतोय, झाडूने लोटू का? (अजिबात नको! आधी खिडक्या उघडा, मग कागदाने गोळा करा.) आमच्या गावी, एडवणला राहणाऱ्या माझ्या दादाला कुणीतरी एक पिवळा चकचकीत दगड दिला होता. तो रुमालात बांधून, रुमाल पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून तो माझ्याकडे आला. मी बघताक्षणी सांगितलं, "दादा, हे लोखंड आणि गंधक आहे. सोनं नाही." त्याने दगड नाकाला लावला आणि म्हणाला, "गंधकाचा वास तर येत नाय." पुढे मी काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल. दादा दोन वर्षं माझ्याशी नीट बोलला नाही.

थोडक्यात, बरोबर उत्तर देण्याची मला खोड होती. खोड कसली, रोगच म्हणा. लॅबच्या भिंतीवर मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत एक पाटी लिहून लावली होती: "माणूस खोटं बोलेल, नमुना खोटं बोलत नाही." येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती दाखवायची. ही पाटी मी स्वतः कशी उतरवली, त्याचीच ही गोष्ट.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्लांट दोनमध्ये एक आंबट द्रव बनायचा. नाव लांबलचक आहे, लक्षात ठेवून काही फायदा नाही. लिंबाच्या रसाचा फार तापट थोरला भाऊ समजा. हा माल एका जर्मन कंपनीला हवा होता. अट एकच: त्यात अॅल्युमिनियम दहा लाखांत पाच भागांपेक्षा जास्त नको. दहा लाखांत पाच म्हणजे किती? पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात मीठ टाका, साधारण दहा चमचे. तेवढंच. आमच्या मालात निघायचे चांगले साठ-सत्तर चमचे.

पहिली बॅच नापास झाली, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरी नापास झाली. तिसरी झाली. तेव्हा शेठनी सगळ्यांना बोलावून सरळच सांगितलं. ही ऑर्डर मिळाली तर प्लांट दोन चालणार, नाही मिळाली तर दिवाळीनंतर त्याला कुलूप. प्लांट दोनवर कॉन्ट्रॅक्टची चाळीस माणसं होती. बोईसरात एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारी, बरीचशी यूपी-बिहारकडची. शिवाय कॅन्टीन. चाळीस ताटं कमी झाली की कॅन्टीनही परवडणार नव्हतं.

आणि खापर कुणावर? माझ्या मशीनवर! प्लांट मॅनेजर शहासाहेब मिटींगमध्ये म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन एकदा चेक करून घ्या ना." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ते मशीन मी पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं. त्यात नमुना जाळावर फवारायचा, की प्रत्येक मूलद्रव्य आपापला प्रकाश ओळखतं आणि आपण किती आहोत ते सांगतं. मी म्हटलं, "साहेब, नमुना खोटं बोलत नाही. अॅल्युमिनियम तुमच्या प्लांटमध्येच आहे. मी शोधून दाखवते."

आणि मी शोधायला निघाले. हेल्मेट, गॉगल, वही. प्लांट दोनचा कानाकोपरा पालथा घातला. पाइप बघितले, व्हॉल्व्ह बघितले, पंपाचं पोट उघडायला लावलं. एकूण एक माणसाला उभं करून विचारलं, "इथे कुठे अॅल्युमिनियम वापरता का?"

"नाय मॅडम. अॅल्युमिनियम काय पण नाय."

मालाच्या टाकीवर रामपरवेश नावाचा ऑपरेटर होता, दरभंग्याचा, कामाला चोख, देवमाणूस. नमुना तोच काढून पाठवायचा. त्याला तर मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली, "मैडम, माँ कसम, एल्युमिनियम का एक टुकड़ा नहीं है इधर."

तो खोटं बोलत नव्हता. एकही माणूस खोटं बोलत नव्हता. हे पुढे लक्षात ठेवा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तुरटी! पावसाळ्यात आमच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी गढूळ व्हायचं, तेव्हा तिथला माणूस त्यात तुरटी फिरवायचा. आणि तुरटीत काय असतं? अॅल्युमिनियम! मी अक्षरशः टाळी वाजवली. शहासाहेबांकडे जाऊन असं काही भाषण ठोकलं, की ते उभे राहून ऐकत होते. तुरटी बंद करवली. चौथ्या बॅचसाठी शुद्ध केलेल्या पाण्याचे टँकर बाहेरून मागवायला लावले. सगळी कंपनी माझ्याकडे आशेने बघत होती. निकालाच्या दिवशी शेठ स्वतः लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसले.

चौथी बॅच नापास. आणि आधीपेक्षा दोन चमचे जास्तच.

शेठ स्टुलावरून उठले, माझी पाटी एकदा वाचली आणि गेले. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकी मी शरमेने मेले.

आता जर्मन स्वतःच येणार असं ठरलं. दोघं जण. पाचवी बॅच त्यांच्यासमोर तपासायची. पास झाली तर सही, नापास झाली तर रामराम.

इथे कॅन्टीनच्या हिराबाईंची ओळख करून द्यायला हवी. हिराबाई समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. नवऱ्याची बोट होती, तो वारल्यावर ती दिरांकडे गेली आणि बाई कॅन्टीनला आल्या. पन्नाशीच्या, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर समुद्रात ऐकू जावी. चहा, नाश्ता, दीडशे माणसांचं जेवण, सगळं त्यांच्या हातचं. शेठपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांशी त्या एकाच पट्टीत बोलायच्या.

आणि आमचे पर्सोनेलचे सामंतसाहेब. अतिशय सज्जन, अतिशय घाबरट. पाहुणे येणार म्हटलं की आठवडाभर आधी त्यांना जुलाब. त्यांनी हिराबाईंना बोलावून सूचना दिल्या. हा संवाद मी स्वतः ऐकला नाही, पण नंतर दोघांनी मला तो वेगवेगळा सांगितला, आणि शब्दाला शब्द जुळला.

सामंतसाहेब म्हणाले, "हिराबाई, बुधवारी जर्मन येणार आहेत. दोन."

आता एक सांगते. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला कुणी अॅल्युमिनियमचं भांडं म्हणत नाही. ते "जर्मन". जर्मनचं पातेलं, जर्मनचा टोप, नुसतंच "ते जर्मन घासायला टाक". माझी आई तेच म्हणायची, तुमचीही म्हणत असेल. तर हिराबाईंच्या कानावर आलं ते असं, की कॅन्टीनला दोन नवी भांडी मिळणार.

"दोन कशाला सायेब? एक मोठा असला तरी पुरे."

"एक मोठाच आहे. दुसरा लहान आहे."

"नवीन हायत का?"

"लहान नवीन आहे. मोठा पूर्वी एकदा येऊन गेलाय."

"मंजे वापरलेला हाय."

सामंत थोडे गोंधळले, पण म्हणाले, "अनुभवी आहे."

"झाकण हाय का त्यांना?"

"झाकण? हां, डोक्याला. गेटवर हेल्मेट देऊ आपण."

हिराबाईंना वाटलं, साहेब दमलेत. मग सामंतांनी मुख्य मुद्दा काढला. "आणि नीट लक्षात ठेवा, जर्मनला आंबट-तिखट बिलकुल चालत नाही. गडबड झाली तर सगळं संपलं."

"सायेब, आता तुमी मला शिकवणार? जलम गेला माजा जर्मनात. आंबट ऱ्हायला की खड्डे पडतात."

"तेच म्हणतोय मी. पोटाला त्रास होतो त्यांच्या."

"पोटाला नाय सायेब. बुडाला पडतात."

सामंतसाहेब लाल होऊन थेट लॅबमध्ये आले. "मॅडम, तुमचं त्या बाईशी बरं आहे, तिला जरा समज द्या. फार वाह्यात बोलते." माझ्यासमोर पाचव्या बॅचचा कागद होता. मी मान वर न करता "बरं" म्हटलं. त्या क्षणी मान वर केली असती आणि "काय बोलली?" एवढं विचारलं असतं, तर आठवड्याची झोप वाचली असती. पण मी अॅल्युमिनियम शोधण्यात दंग होते ना!

बुधवार उजाडला. जर्मन आले. मोठा म्हणजे साडेसहा फूट उंच, आणि लहान म्हणजे एक चष्मेवाली बाई, माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती माझ्यासारखीच लॅबवाली निघाली. तिने येताच माझं मशीन बघितलं, हात पाठीमागे बांधून दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, मशीन उत्तम ठेवलंय. मला वाटलं, हिला एडवणला नेऊन शहाळं पाजावं. मग रामपरवेशने पाचव्या बॅचचा नमुना आणला. ती आणि मी, दोघींनी मिळून लावला.

नापास. साठ चमचे.

शहासाहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. दारात रामपरवेश उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. तो हळूच म्हणाला, "मैडम, गाँव का टिकट निकालूँ क्या?" मी आकड्याचा कागद घडी घालून खिशात टाकला.

सामंत म्हणाले, आधी जेवून घेऊ. निरोप तरी भरल्या पोटी घेऊ दे.

गेस्ट रूममध्ये टेबल मांडलं होतं. हिराबाईंनी ताटं आणली आणि वास आला. आहाहा! कोळंबीचं आंबट. चिंचेचा कोळ, कोळी मसाला, वर तवंग असा की लाल दिवा लागावा. सोबत तळलेली सुरमय, तीही लालभडक. सामंतांचा हात कपाळावर गेला. ते काही बोलायच्या आत त्या लहान जर्मन बाईने घास घेतला. तिचे कान लाल झाले. चष्म्यावर वाफ आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आणि तिने वाटी पुढे केली. आणखी हवं म्हणून!

तिकडे दाराशी सामंत दबक्या आवाजात हिराबाईंवर तुटून पडले होते. "तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं, जर्मनला आंबट चालत नाही!"

हिराबाईंना दबका आवाज ठाऊकच नाही. "मंग मी कुठं जर्मनात केलाय? मुरब्यावरनं मडका आणलाय डोक्यावर घेऊन, त्यात शिजवलाय! बघा पायजे तर! माजा जर्मन कोरडा ठणठणीत पडलाय. आणि तुमचा नवीन जर्मन कुठं हाय, मोठा नि लहान? सकाळपासनं वाट बघते!"

सामंतांनी टेबलाकडे बोट दाखवलं. "हे काय, बसलेत ना जेवायला!"

हिराबाईंनी एकदा त्या साडेसहा फुटांकडे बघितलं, एकदा त्या बाईकडे, आणि तोंडाला पदर लावला. खांदे गदागदा हलायला लागले. हसू आवरेना तशी बाई मटकन खालीच बसल्या. मलाही हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी हसत होते. आणि हसता हसता त्या काय बोलल्या बघा.

"आंबट जर्मनात मी ठेवत नाय हो सायेब! ठेवतात ते तुमचे पलांटवाले. माजा लांब दांड्याचा ओगराळा नेला त्या रामपरवेशनं, नि खड्डे पाडून पार चाळण केली!"

माझा घास हातातच राहिला.

ओगराळं म्हणजे आमटी वाढायचं, पळीहून मोठं, वाटीसारखं. कॅन्टीनचं होतं लांब दांड्याचं. खोल पातेल्यातून आमटी काढायला बरं. आणि खोल टाकीतून नमुना काढायलाही बरं!

मी उठले. हात न धुता, पाहुण्यांना काही न सांगता, कोळंबीच्या हातानेच पळत सुटले प्लांट दोनकडे. मागून शहासाहेब, त्यांच्या मागून मोठा जर्मन, त्याच्या मागून लहान जर्मन रुमालाने डोळे पुसत. टाकीच्या बाजूला खिळ्यावर ते ओगराळं लटकत होतं. काळवंडलेलं. मी गेल्या दोन महिन्यांत त्या खिळ्यासमोर निदान तीनदा उभी राहिले होते, तिथेच वही धरून विचारलं होतं, "इथे अॅल्युमिनियम आहे का?" मला ते स्टीलचं वाटलं होतं. आता खाली काढून उजेडात धरलं. आतून देवी आलेल्या चेहऱ्यासारखं, खड्डेच खड्डे.

"रामपरवेश! हे काय आहे?"

त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं. "मैडम, स्टील वाला तो टूट गया था. नया माँगा था, आया नहीं. तो हिराबाई से लिया."

"मी तुला तीनदा विचारलं ना, अॅल्युमिनियम आहे का?"

"पर मैडम," तो अगदी कळकळीने म्हणाला, "ये एल्युमिनियम थोड़े ही है. ये तो सिलवर है."

त्यांच्या गावाकडे जर्मनला सिलवर म्हणतात. नंतर मी विचार केला, जर्मन सिल्व्हर नावाचा एक मिश्रधातू असतो. त्यात चांदी नसते आणि अॅल्युमिनियमही नसतं, पण दिसायला तसाच. लोकांनी त्याचं नाव उचललं आणि वाटून घेतलं असावं; मराठी माणसाने जर्मन ठेवलं, हिंदीवाल्याने सिलवर. खरं नाव तेवढं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. ते फक्त माझ्या वहीत होतं.

म्हणजे माल चांगलाच होता! अगदी पहिल्या बॅचपासून. गरम आंबट द्रव ओगराळ्यात आला, त्याने ओगराळं खाल्लं, आणि ते खाल्लेलं ओगराळं बाटलीत बसून माझ्याकडे आलं. टाकीतल्या मालात जवळजवळ काही नव्हतं. नमुना खोटं बोलला होता. माणसं सगळी खरं बोलत होती.

आम्ही प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीला काठी बांधून पाचव्या बॅचचा नमुना पुन्हा काढला. लहान जर्मन बाईने स्वतः मशीनवर लावला. मी हात एप्रनच्या खिशात घातले. आकडा आला. दोन चमचे.

शहासाहेबांनी रामपरवेशला मिठीच मारली. तो बिचारा मिठीतूनही विचारत होता, "साहब, नौकरी गयी क्या?" मी म्हटलं, "तुझी का जाईल? तू मी विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंस." मोठा जर्मन मला सारखं विचारत होता, झालं काय, सगळे हसताय का? आता त्याला सांगणं भाग होतं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी समजावलं, की ज्या धातूने हा घोळ घातला, त्याला आमच्या भाषेत "जर्मन" म्हणतात. त्याने गंभीरपणे ऐकून घेतलं. मग त्या लहान बाईला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि दोघं टेबल धरून हसायला लागले. सही त्यांनी त्याच टेबलावर केली.

घोळाचा रिपोर्ट लिहायचा असतो. त्यात "मूळ कारण" असा एक रकाना असतो. मराठी प्रतीत सुपरवायझरने इमानेइतबारे लिहिलं: "मूळ कारण: जर्मन." आणि खाली "उपाय: यापुढे प्लांटमध्ये जर्मनला प्रवेश नाही." ती सूचना प्लांट दोनच्या दारावर चिकटवली गेली. पुढच्या वर्षी तेच दोघं पुन्हा आले, तेव्हा दारावरच्या नव्या वॉचमनने हात आडवा करून सामंतांना विचारलं, "साहेब, ह्यांना सोडायचं का? बोर्ड बघा." सामंतसाहेबांना त्या दिवशी पुन्हा जुलाब.

हे झालं हसण्याचं. आता जे अजून टोचतं ते सांगते.

त्या बुधवारी संध्याकाळी मी कॅन्टीनमध्ये गेले. हिराबाई मडकं धूत होत्या. मी म्हटलं, "हिराबाई, तुम्ही आज चाळीस माणसांची नोकरी वाचवलीत. पण मला आधी का नाही सांगितलंत हो?"

त्यांनी मडकं उपडं घातलं, हात पुसले. "मॅडम, मी तर तुमाला पावसाच्या आधीच इचारलेला. जर्मनात आंबट ऱ्हायला तर खड्डे का पडतात? आठवतंय?"

आठवलं. लख्ख आठवलं. त्या चहा घेऊन लॅबमध्ये आल्या होत्या आणि मी किती खुशीत उत्तर दिलं होतं! अॅल्युमिनियमवर स्वतःचाच एक पातळ पापुद्रा असतो, तो त्याला जपतो, आंबटाने तो पापुद्रा विरतो, मग खालचा धातू उघडा पडतो. फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं. चांगली अर्धा तास शिकवणी घेतली होती. चहा गार झाला होता.

"मला वाटलेला," हिराबाई म्हणाल्या, "तुमी इचाराल, कुठला जर्मन, कुणी आंबट ठेवला. तर तुमी सांगितला लय, मॅडम. इचारला कायच नाय."

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. नुसतंच सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. मी त्यांच्यासमोर उभ्या-उभ्या रडले. त्या म्हणाल्या, "अगो बाय, रडताय काय, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरची पाटी उतरवली. नमुन्याच्या चिठ्ठीवर एक नवी ओळ छापून घेतली: "नमुना कशाने काढला? नाव लिहू नका, भांडं आणून दाखवा." सुरुवातीला लोकांचं खिदळून झालं, मग सवय झाली. मी रिटायर होईपर्यंत लॅबच्या दाराशी पळ्या, वाट्या आणि डबे यांची रांग लागलेली असायची. एखाद्या लग्नघराच्या मागच्या दारासारखी.

आता मी पालघरला घरीच असते. बेल अजून वाजते. पण हल्ली कुणी विचारलं, की मी आधी आत बोलावते, पाणी देते आणि विचारते, "झालं काय? कुठे? कशात?" निम्म्या वेळा माणसाला उत्तर नकोच असतं. गेल्या महिन्यात दादाला मी स्वतःहून विचारलं, तो पिवळा दगड तुला दिला कुणी? तासभर बोलत होता. दगड त्याच्या एका जुन्या मित्राने आजारपणात हातात ठेवलेला, म्हणाला होता, सांभाळ. सोन्याचा आहे की नाही याच्याशी दादाला काही देणंघेणंच नव्हतं. मित्राला काय सांगायचं, एवढंच त्याला हवं होतं.

निरोप समारंभाला कंपनीने मला घड्याळ दिलं. हिराबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून ते ओगराळं दिलं. घासून लख्ख केलेलं, खड्ड्यांसकट. कानात म्हणाल्या, "आंबट ठेवू नका हां यात." मी ते स्वयंपाकघरात ओट्याच्या वर खिळ्याला लावलंय. त्याने काही वाढत नाही. नुसतं लटकत असतं, टाकीपाशी लटकायचं तसंच.

परवा दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला दारात आला. आमच्या एडवणच्या बाजूचाच होता. ओरडायचा थांबला आणि आत डोकावून म्हणाला, "आजी, लोखंड, पितळ, अॅल्युमिनियम, काय हाय का देण्यासारखं?"

मी ओगराळ्याकडे बघितलं.

"नाय बाबा," मी म्हटलं, "अॅल्युमिनियम काय पण नाय."